आईचं मनगट आणि भंगारातला टेनिस

धाकट्या बहिणीच्या लग्नात आमच्या आईने भर मंडपात एक घोषणा केली आणि त्या घोषणेपायी पुढचा अख्खा उन्हाळा घरातल्या कुणाला सुख लागलं नाही.

झालं असं. बहिणीची सासू काटोलची. संत्र्याची बाग, पितळी भांड्यांनी भरलेलं घर, आणि बोलण्यात असा काही सूर की कौतुक केलं की माप काढलं ते समोरच्याला घरी गेल्यावर कळावं. पंगतीत आचाऱ्याची पुरी दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या, "बरी आहे. शहरात अशाच मिळतात म्हणा."

आई वाढत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "विहीणबाई, आंब्याच्या दिवसांत या. माझ्या हातची लांब रोटी अन् रस. मग शहरातलं काय ते बोलू."

"येऊ की. पण तुमच्याच हातची."

"माझ्याच हातची."

ज्यांनी लांब रोटी होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिचा पोळपाट-लाटण्याशी संबंध नाही. कणीक सैल भिजवायची आणि परातीत आपटून आपटून तिला अशी वळणावर आणायची की हातात धरली तर ओघळावी, पण तुटू नये. मग उंडा एका तळव्यावर घ्यायचा, दुसऱ्यावर टाकायचा, परत पहिल्यावर. तो आपल्याच वजनाने लांबत लांबत कोपरापर्यंत येतो आणि मग एका झटक्यात चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर पसरायचा. सगळा खेळ मनगटाचा. तळवा वेळेवर आभाळाकडे वळला नाही तर रोटी माठावर न जाता चुलीत जाते. आई ही रोटी गप्पा मारत करायची. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे रसाचं जेवण असलं की आईला बोलावणं यायचं आणि ती आढेवेढे घेत जायची, म्हणजे आधी तयार होऊन बसायची आणि मग आढेवेढे घ्यायची.

आणि नेमकी हीच बाई, थंडी सरता सरता, नळाजवळच्या शेवाळावर घसरली आणि उजव्या मनगटावर पडली.

प्लास्टर निघालं तेव्हा होळी होऊन गेली होती. आतून जो हात बाहेर आला तो शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखा. बोटं हलत होती, पण तळवा काही वर वळेना. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबायला सांगितला आणि म्हणाले, "डब्याचं झाकण उघडतो तसं मनगट फिरवत राहा, दुखलं तरी. नाही तर असंच राहील."

घरी येऊन आईने तो चेंडू कोनाड्यात ठेवला. "मी काय लहान लेकरू आहो चेंडू खेळाले?"

"आई, मग विहीणबाईंना काय सांगायचं? पुढच्या वर्षी या म्हणून कळवतो मी."

"कळवून तर पाह्य," आई म्हणाली. मी कळवलं नाही.

आता माझ्याकडे वळतो. मी तेव्हा एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होतो आणि फावल्या वेळात स्वतःला इंजिनिअर समजत होतो. एकदा घरचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर थापड मारून चालू केला होता, तेवढी पदवी मला पुरली. त्या सुमारास आखातातून परतणारी माणसं टीव्हीला जोडायचे खेळ आणायची. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या आणि त्यांच्यामधून ये-जा करणारा एक चौकोनी ठिपका. याला टेनिस म्हणायचं. खेळ बिघडला की वर्षभराने तो शनिवारच्या बाजारात, कॉटन मार्केटपाशी, जुन्या चपला आणि कुलुपांच्या ढिगात येऊन पडायचा. तिथून तो माझ्या घरी यायचा.

पहिला खेळ मी विकत घेतला तेव्हा विक्रेत्याला विचारलं, "चालू है क्या?"

"चालूच था भैया."

या "था"वर मी विचार करायला हवा होता. घरी आणून त्याचा काळा ठोकळा भिंतीतल्या प्लगमध्ये घातला. ठोकळ्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की त्याला परदेशातली अर्धीच वीज चालते. ते मी वाचलं, धूर निघाल्यानंतर. दुसरा खेळ सेलवर चालणारा घेतला, म्हणजे विजेचा प्रश्नच नको. त्यात सेल उलटे बसवले. सेल गरम होतात हे मला माहीत होतं, त्यावर पापड भाजता येईल इतके होतात हे नव्हतं.

बायको म्हणायची, "भंगार घेऊन भंगार विकणारे पाह्यले मी. भंगार घेऊन त्यावर रुमाल झाकून ठेवणारे तुम्हीच."

तिसरा खेळ आणला तो आईचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात. याची पेटी तडकलेली होती, फिरवायच्या दोन बटणांपैकी एकाची मूठच गायब होती, आणि आत वाळू. विक्रेता म्हणाला, "ये समुंदर पार से आया है, थोडी रेती तो आएगीच." मला ते पटलं. मला त्या बाजारात काहीही पटायचं.

पुढचे कितीतरी दिवस मी तो उघडून बसलो. तारांना डाग द्यायची सळई तापवायची, जिथे तार दिसेल तिथे चिकटवायची, टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी त्याची वायर लावायची आणि पाहायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी पुन्हा उघडायचो. निम्म्या तारा उपटून परत लावल्या. त्या भानगडीत आतला स्पीकर भाजला आणि त्यानंतर तो टुक टुक करायच्या ऐवजी बेडकासारखा टर्र करायला लागला.

एके दिवशी बायको टीव्ही पुसत होती. पुसताना तिच्या हाताने चॅनेलचं बटण एक घर फिरलं आणि पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या उभ्या राहिल्या.

खेळ मुळात बिघडलेलाच नव्हता. मी तो इतके दिवस चुकीच्या चॅनेलवर दुरुस्त करत होतो. बायकोने फडका झटकला आणि ती आत गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

चित्र मात्र वरून खाली धबधब्यासारखं वाहत होतं. त्यासाठी टीव्हीच्या मागचं एक बारीक बटण पिळायचं असतं हे मी कुठूनतरी ऐकून होतो. पिळलं, चित्र थांबलं. रविवारी संध्याकाळी गल्लीतली माणसं नेहमीप्रमाणे सिनेमा पाहायला सतरंजीवर येऊन बसली तेव्हा नायिकेचे पाय वर आणि डोकं खाली, मधून एक काळा पट्टा. ते पिळलेलं बटण परत जागेवर आणायचं असतं, हे तेव्हा कळलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "हे नवीन पद्धतीचं पिक्चर आहे काय गा?" त्या रात्री मला घरात कुणी ताट वाढलं नाही, मी आपलं आपण घेतलं.

राहिली ती गायब मूठ. बटणाची नुसती दांडी बाहेर आलेली होती आणि आतल्या वाळूमुळे ती चिमटीत धरून फिरता फिरेना. काहीतरी मोठं, मूठ भरून धरता येईल असं हवं होतं. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण दिसलं. त्याला मधोमध भोक पाडलं, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून दांडीवर बसवलं. दिसायला भयंकर, पण फिरायला लागलं. फिरवताना हाताला मोहरीचा वास यायचा.

संध्याकाळी मी खेळ लावून एकटाच भिंतीचा प्रकार खेळत होतो. यात एका बाजूला भिंत असते आणि ठिपका तिच्यावर आपटून परत येतो, दुसऱ्या माणसाची गरज नसते. माझ्यासारख्यांसाठीच तो बनवला असावा. इतक्यात आई आतून आली. हातात उघडी बरणी.

"झाकण कुठं आहे?"

मी बोट दाखवलं.

आईने बरणी खाली ठेवली, ती पेटी डाव्या हाताने दाबून धरली आणि दुखऱ्या उजव्या हाताने झाकण पकडून पिळलं. निघेना. उलटं पिळलं. लांबी पक्की बसली होती. ती दात-ओठ खाऊन पिळते आहे आणि पडद्यावर पांढरी दांडी वर-खाली, वर-खाली. ठिपका आला, दांडीवर आपटला. टर्र.

"हे काय होय?"

"आई, तू खेळून राहिली."

"मी झाकण काढून राहिली." टर्र. "काहून लावलं रे इथं? लोणचं काय उघडं ठेवू?" टर्र.

दारात बायको उभी होती. तिने पडदा पाहिला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, हात पाहा."

तळवा वर वळला होता. पुरता नाही, अर्ध्याच्या थोडा पुढे. पण त्या चेंडूने आणि माझ्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते लोणच्याच्या झाकणापायी झालं होतं. आईने हाताकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी खुशी यायला निघाली होती ती तिने परत पाठवली.

"उद्या काढतो मी हे झाकण," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी झाल्यावर ती टीव्हीसमोर बसली. झाकण काढायला. तिसऱ्या दिवशीही. आई शेवटपर्यंत कधीही खेळली नाही, हे मी इथे तिच्या वतीने नोंदवून ठेवतो. ती फक्त झाकण काढत होती. ते काढता काढता ठिपका निसटला की मात्र तोंडाने असा शब्द निघायचा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. आठवड्याभरात तिला भिंत पुरेना. मग सुनेला हाक.

"ये वं. त्या दुसऱ्या दांडीवर बस."

"आत्याबाई, माझी भाजी आहे चुलीवर."

"भाजी काय पळून राहिली?"

बायकोच्या बटणाची मूठ साबूत आणि हलकी, आईची म्हणजे वाळूत रुतलेलं झाकण. बायको भराभर जिंकायची. मी तिला खुणेने सांगितलं की एखादा डाव हर. तिने आईदेखतच सांगितलं, "हे हराले सांगून राहिले मले." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकल काढून पानठेल्यावर गेलो.

वैशाखाच्या तोंडाशी काटोलहून निरोप आला. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सहा-सात माणसं येतील, बसने, सकाळीच निघू. तोवर आईचा तळवा बऱ्यापैकी वर येत होता. जोर मात्र अजून नव्हता, तो तेवढ्या दिवसांत यायचा होता. आणि इथे मला आईसाठी काहीतरी करावंसं वाटलं.

मला वाटलं, बिचारी इतका त्रास घेते, आपण निदान ती वाळू तरी काढू. ती बाहेर गेली असताना पेटी उघडली, बटणाची दांडी रॉकेलने धुतली, वर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. झाकण असं फिरायला लागलं जसं तुपात बोट. मी खूश होऊन बसून राहिलो.

आईने येऊन हात लावला. झाकण सुळकन फिरलं आणि पांढरी दांडी पडद्याच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटली.

"हे काय केलं?"

"सोपं केलं, आई."

"कोणं सांगतलं होतं तुले सोपं कराले?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी समजलो असतो. ती बारीक आवाजात म्हणाली, "पुढच्या इतवारी ते लोक येऊन राहिले. माह्या हाताले जोर पाह्यजे. हे फिरवून काय जोर येते, बाबू?"

मग मी जे केलं ते माझ्या तोवरच्या सगळ्या दुरुस्त्यांचा कळस होतं. काढलेली वाळू परत घातली. अंगणातली, चाळून. तेल आणि वाळू यांचं मिळून जे तयार झालं त्यात ती बटणाची दांडी दोनदा करकरली आणि झाकणासकट मोडली. आता पडद्यावर आईची दांडी मधोमध उभी, ठिपका येतो, जातो, दांडी आपली खांबासारखी. मी त्याच शनिवारी बाजारात धावलो. विक्रेता मला पाहून उठूनच उभा राहिला, इतका मी त्याच्या कामाचा माणूस होतो. "भैया, आज गेम नहीं है. कुकर ले जाओ."

घरी आलो तेव्हा मागच्या अंगणात परात मांडलेली होती. मी गेल्यावर बायकोनेच कणीक भिजवून आईसमोर ठेवली होती.

"आत्याबाई, झाकण तर निघालं आता. हे आपटून पाहा."

आई डाव्या हाताने आपटायला लागली, उजवा नुसता सोबत. मग उजवाही. उंडा छोटा घेतला, लिंबाएवढा. एका तळव्यावरून दुसऱ्यावर. उजव्यावर आला की खाली ओघळायचा, कारण तळवा क्षणभर उशिरा वळायचा. माठ न तापवताच हे पुढचा आठवडाभर रोज चाललं. परातीत पडलेला उंडा उचलायचा, आपटायचा, पुन्हा. बायको शेजारी बसून तेच करत होती, कारण एकटीने केलं तर आईला ते शिकवणीसारखं वाटलं असतं. आई तिला शिव्या देऊन शिकवत होती.

"कोपर खाली नको करू वं. तुह्या माहेरी काय रुमाल वाळू घालतात काय हातावर?"

"आमच्या माहेरी लाटणं असते, आत्याबाई."

"तेच म्हणतो मी."

मला त्या अंगणात कुणी काही काम सांगितलं नाही. मी विचारलंही, तर बायको म्हणाली, "तुम्ही कशालेच हात नका लावू."

ठरलेल्या रविवारी काटोलकर आले. संत्र्याची करंडी, बहीण, जावई, विहीणबाई आणि मागे त्यांचे दीर-जावा. पुरुष ओसरीवर बसले. विहीणबाई सरळ अंगणात आल्या आणि चुलीपासून थोड्या अंतरावर पाट टाकून बसल्या. बघायलाच बसल्या. आईने पदर खोचला. मनगटाचं काटोलला कुणालाच कळवलेलं नव्हतं. बहिणीला सांगितलं होतं, पण शपथ घालून.

पहिला उंडा घेतला. डावा, उजवा, डावा. लांबला, कोपराकडे आला, आणि उजवा तळवा जरासा अडला. रोटी माठाच्या कडेवरून घसरून निखाऱ्यात गेली. भस्सकन धूर.

बहीण पाणी आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही.

"पहिली देवाची," आई शांतपणे म्हणाली आणि दुसरा उंडा घेतला. ही आमच्याकडची पद्धत वगैरे काही नाही, तिने जागच्या जागी काढली. दुसरी मात्र माठावर बसली. तिसरी बसली. लांबी कमी होती, थोडी जाड होती, पण अख्खी होती, आणि आईच्या कपाळावर जो घाम होता तो चुलीचा नव्हता. पाचवी टाकली तेव्हा ती उजवं मनगट गुडघ्यावर टेकवताना मला दिसली. बायकोलाही दिसली असावी. पण ती चुलीत जाळ सारत राहिली.

विहीणबाईंना ओसरीवरून हाक आली, जावयाचं काहीतरी होतं, त्या उठून गेल्या. त्या उंबरा ओलांडतात न ओलांडतात तोच आई म्हणाली, "बस वं इथं. आता तू टाक."

बायको बसली. तिची पहिलीच रोटी अशी लांबली की मी दोन पावलं मागे सरलो. आई बाजूला बसून दुखरं मनगट पदराखाली दाबत होती आणि तोंडाने सूचना देत होती. विहीणबाई परतल्या तोवर बायको उठून रसाच्या पातेल्याशी, आणि आई पुन्हा चुलीपाशी, जशी काही हललीच नव्हती.

पानं मांडली. रस वाढला. दोघींच्या रोट्या एकाच टोपलीत होत्या. विहीणबाईंनी वरची एक उचलली, उजेडाकडे धरली. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

"ही पाहा," त्या जावेला म्हणाल्या. "लग्नात म्हणत होत्या ना. ही विहीणबाईंच्या हातची. वर्षं लागतात याले." मग खालची एक काढली, आखूड, कडेला जाड. ती त्यांनी प्रेमाने दुमडली. "अन् ही सूनबाईची असन. येईल, सूनबाई. हळूहळू येते."

माझा रस नाकात गेला. मी ठसकलो, डोळ्यांतून पाणी आलं, जावयाने पाठ थोपटली. त्या गडबडीत मी आईकडे पाहिलं. तिच्याकडे दोन वाटा होत्या. एक म्हणजे खरं सांगायचं, की "ती जाड रोटी माझी आहे आणि ती माठावर कशी पोचली ते मला ठाऊक." दुसरी म्हणजे गप्प बसून शब्द पाळला गेला असं होऊ द्यायचं.

"हो," आई म्हणाली. "शिकून राहिली."

"आत्याबाई शिकवतात ना," बायको म्हणाली, आणि विहीणबाईंच्या वाटीत आणखी रस ओतला.

काटोलची बस सुटेपर्यंत आई हसतमुख होती. त्यांना सोडून आम्ही परत आलो तेव्हा टोपलीत तळाशी एक रोटी उरली होती, आखूड आणि जाड. आईने तिचा तुकडा मोडला, पाटावर बसून चावला, बराच वेळ चावला.

"जाड आहे?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"तुले कोण विचारून राहिलं. तू सांग वं."

"आहे जराशी," बायको म्हणाली.

आई मनगट चोळत बसली. मग म्हणाली, "उद्या पुन्हा कणीक भिजव."

"उद्या? आत्याबाई, घरातले आंबे संपले सगळे."

"मग वांग्याच्या भाजीसंगं खा."